सही कुणाची, विमान कुणाचं?

(मुंबई विमानतळ, रात्र)

रात्रीचे अडीच. शेवटची फेरी संपवून आलेलं विमान स्टँडवर उभं आहे. पहाटे त्याला पुन्हा उडायचंय. खाली एक इंजिनिअर टॉर्च घेऊन फिरतोय. टायरची झीज, ब्रेक, इंजिनातलं तेल, पात्यांवर पक्षी आदळल्याची खूण. वैमानिकाने टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, बिघाड नोंदवला असेल तर तो दुरुस्त करायचा, किंवा नियमांत बसत असेल तर ठरावीक मुदतीपुरता पुढे ढकलायचा. मग सही. परवानाधारक इंजिनिअरच्या सहीशिवाय विमान हलत नाही.

हे झालं लाइन मेंटेनन्स. खरा खर्च हँगरमध्ये, म्हणजे विमान आत घेऊन दुरुस्त करण्याच्या प्रचंड शेडमध्ये आहे. दीड-दोन वर्षांनी सी चेक ही सखोल तपासणी येते. त्याहून मोठी तपासणी सहा ते बारा वर्षांनी. तेव्हा खुर्च्या, शौचालयं, पायाखालचे पत्रे सगळं उचकटतात आणि गंज, भेगा शोधत सांगाडा तपासतात. विमान कित्येक आठवडे जमिनीवर. एवढ्यासाठी हँगर आणि माणसं वर्षभर पोसायची तर ताफा मोठा हवा. तो नसेल तर काम बाहेर द्यायचं. भारतीय कंपन्यांसाठी ‘बाहेर’ म्हणजे बराच काळ अक्षरशः देशाबाहेर: सिंगापूर, श्रीलंका, आखात. देशातल्या दुरुस्तीवर जीएसटीच १८ टक्के होता. एप्रिल २०२० मध्ये तो ५ टक्क्यांवर आला, तेव्हा कुठे इथल्या हँगरवाल्यांच्या जिवात जीव आला.

काम बाहेर देण्यात गैर काही नाही. पण बाहेर दिलेल्या कामावर नजर कुणाची?

(फ्लोरिडा, एव्हरग्लेड्सची दलदल)

११ मे १९९६. मायामीहून अटलांटाला निघालेलं व्हॅल्यूजेटचं डीसी-९ विमान उड्डाणानंतर दहा मिनिटांत या दलदलीत कोसळलं. ११० जण होते, कुणीच वाचलं नाही. व्हॅल्यूजेट ही स्वस्त तिकिटांची कंपनी, मोठी दुरुस्ती ठेक्याने करून घेणारी. तिच्या दुसऱ्या विमानांमधून मायामीतल्या सेबरटेक या ठेकेदाराने मुदत संपलेले ऑक्सिजन जनरेटर काढले होते. प्रवाशाने मास्क ओढला की हे नळकांडं रासायनिक क्रियेने ऑक्सिजन तयार करतं, आणि तसं करताना बाहेरून अडीचशे अंशांच्या आसपास तापतं. म्हणून काढल्यावर ते चुकून सुरू होऊ नये यासाठी त्याच्या चापावर प्लॅस्टिकचं एक टोपण बसवायचं असतं. जॉब कार्डवर तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. टोपणं बसवलीच नव्हती. कार्डावर सह्या मात्र झाल्या.

पुढे ते खोके हँगरमध्ये पडून राहिले, आणि साफसफाईच्या घाईत व्हॅल्यूजेटकडेच रवाना झाले. कागदावर ‘रिकामे’ अशी नोंद. ज्या विमानात ते चढवले, तेच हे डीसी-९. त्याच्या सामानाच्या कप्प्यात आग लागली, आणि तिथे धूर ओळखणारं यंत्रही नव्हतं.

१९९७ मध्ये अमेरिकी चौकशी मंडळाने ठेकेदाराला दोषी धरलंच, पण ठेक्याच्या कामावर लक्ष न ठेवल्याबद्दल व्हॅल्यूजेटलाही, आणि अशा कप्प्यात धूर ओळखण्याची व आग विझवण्याची सोय सक्तीची न केल्याबद्दल सरकारी नियामकालाही. घरचं लग्न केटररला दिलं, तरी जेवण बिघडल्यावर बोल यजमानालाच लागतो. भारतातला नियमही तेच सांगतो: काम कुणाकडूनही करून घ्या, विमान उडण्यालायक ठेवण्याची जबाबदारी विमान कंपनीची.

(नागपूर, विमानतळालगतचा मिहान औद्योगिक प्रकल्प)

आता आपल्याकडे. ही दोन प्रचंड हँगर नागपुरात का आली? एअर इंडियाने बोइंगकडून ६८ विमानं घेण्याचा करार केला, त्या सौद्याचा भाग म्हणून बोइंगने हे केंद्र बांधून दिलं. विमानं येऊ लागली तरी हँगर तयार व्हायला २०१५ उजाडलं. तेव्हा मालक एकच होता. विमान एअर इंडियाचं, ते दुरुस्त करणारी एआयईएसएल ही तिचीच उपकंपनी.

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली. एआयईएसएल त्या व्यवहारात नव्हती, ती सरकारकडे राहिली. म्हणजे एका रात्रीत, जी माणसं वर्षानुवर्षं या विमानांवर सही करत आली होती, ती एअर इंडियासाठी बाहेरचा पुरवठादार ठरली. जागा तीच, अवजारं तीच, बहुतेक चेहरेही तेच. मधे आता कंत्राट आणि बिलं.

माझ्या मते ही रचना दोघांनाही सोयीची नव्हती. एअर इंडियाने तर पाऊल उचललंच: बेंगळुरूला सिंगापूरच्या एसआयए इंजिनिअरिंगला सोबत घेऊन स्वतःचं मोठं दुरुस्ती केंद्र उभारायला घेतलं. ताफा शेकड्यांत गेला की काम घरात आणणं परवडतं, हा हिशेब इथे दिसतो. एआयईएसएलही विकायचा सरकारचा इरादा आहे. मिहानमधल्या इंजिनिअरांना मात्र तोवर नवी गिऱ्हाइकं मिळवावी लागतील, आणि शेजारीच आता खासगी हँगरही उभी आहेत.