दहा कोटी ओळींचं टेबल आणि ऑटोव्हॅक्यूम

(पडद्यावर: टेबलाचा आलेख. मृत ओळींचा आकडा चढतो आहे.)

पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसमध्ये ओळ अपडेट केली की तिची नवी आवृत्ती वेगळी लिहिली जाते. जुनी ओळ मृत होऊन जागच्या जागी पडून राहते. डिलीटचंही तेच. ही अडलेली जागा मोकळी करतो ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे व्हॅक्यूम ही सफाई आपोआप चालवणारा भाग. २००८ च्या ८.३ आवृत्तीपासून तो मुळातच चालू असतो.

तो एखादं टेबल कधी हाती घेतो? ५० ओळी, अधिक टेबलातल्या ओळींचे २० टक्के, इतक्या ओळी मृत झाल्यावर. हजार ओळींच्या टेबलाला हे ठीक आहे: २५० झाल्या की सफाई. १० कोटींच्या टेबलाची पाळी मात्र २ कोटी मृत ओळी साचल्यावर येते. तोवर टेबल फुगतं, इंडेक्स (ओळी शोधायच्या सूच्या) फुगतात, स्कॅनला डिस्कवरची जास्त पानं वाचावी लागतात. आणि सफाईनंतरही फाइल सहसा लहान होत नाही, जागा फक्त पुढच्या ओळींच्या कामी येते.

म्हणून अशा टेबलाला टक्केवारी लावूच नये. अल्टर टेबल या आदेशाने फक्त त्याच टेबलाचा स्केल फॅक्टर (ते २० टक्के) शून्य करा आणि थ्रेशोल्ड (त्या ५० ओळी), समजा, ५ लाख ठेवा. २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत या हिशेबाला कमाल मर्यादा आली खरी, पण तिचा मूळ आकडाच १० कोटी आहे.

(पडद्यावर: तीन वर्कर, मग सहा.)

सफाई मागे पडली की अनेक जण वर्कर, म्हणजे सफाई करणाऱ्या प्रक्रिया, ३ च्या ६ करतात. वेग तसूभरही वाढत नाही! २०० ची कॉस्ट लिमिट, म्हणजे थोडं थांबण्याआधी किती काम करायचं याची मर्यादा, चालू वर्करमध्ये वाटली जाते. वर्कर वाढले की प्रत्येकाचा वाटा घटतो. आधी लिमिट वाढवा, हजारापर्यंत न्या, डिस्कवरचा ताण बघत.

तरीही मृत ओळी हटत नसतील, तर व्हॅक्यूम व्हर्बोस हा आदेश चालवा. अजून काढता न येणाऱ्या मृत ओळींचा आकडा तो छापतो. तो मोठा असेल तर बहुधा कुठलंतरी ट्रान्झॅक्शन (एकत्र पार पडणारा आदेशांचा गट) तासन्‌तास उघडं आहे. त्याला दिसू शकेल अशी ओळ व्हॅक्यूम काढत नाही. ते पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी या चालू जोडण्यांच्या यादीत सापडतं. विसरलेलं प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन (तयार करून ठेवलेलं, पण अजून कमिट न झालेलं) तिथे दिसत नाही, त्यासाठी पीजी प्रिपेअर्ड एक्झॅक्ट्स बघा. हॉट स्टँडबाय फीडबॅक ही सेटिंग चालू असेल, तर स्टँडबायवरची (प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवरची) लांबलेली क्वेरीही व्हॅक्यूमला असंच अडवते. हा अडथळा दूर होईपर्यंत कुठलीही सेटिंग बदलून उपयोग नाही.