पोटानं गेले, म्हणजे कशानं?

श्रोतेहो, नमस्कार.

मूळव्याधीचे मोड आपल्याकडे घरोघरी ठाऊक असतात. शौचाला रक्त पडलं की आपण इसबगोल आणतो, बाजारातून सुरण आणतो आणि मोकळे होतो. आज मी बोलणार आहे ते दुसऱ्या मोडांबद्दल. हे आत, मोठ्या आतड्यात उगवतात. त्यांना पॉलिप म्हणतात. मूळव्याध म्हणजे फुगलेल्या रक्तवाहिन्या, पॉलिप म्हणजे अस्तराच्या पेशींची वाढ. पुन्हा सांगतो, मूळव्याध रक्तवाहिन्यांची, पॉलिप अस्तराचा. रक्त दोन्हींतून जाऊ शकतं, म्हणून घोटाळा होतो.

माझी नोकरी सूक्ष्मदर्शकाची. फॉर्मॅलिनच्या बाटलीत पॉलिप यायचे. काही अळंबीसारखे देठ असलेले, काही गालिच्यासारखे पसरट. आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होत असतं. पेशी तळाशी जन्मतात, वर सरकतात, गळून पडतात. काही पॉलिपांत मात्र वर आलेल्या पेशीही वाढतच राहतात. हे ॲडिनोमा. बहुतेक ॲडिनोमांचा कर्करोग होत नाही, पण मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुतेक वेळा अशाच पॉलिपातून होतो. त्याला साधारण दहा वर्षं लागतात. दहा वर्षं! तेवढ्यात दुर्बिणीतून तारेचा फास टाकून तो काढता येतो. मग मी एकच गोष्ट शोधायचो. अस्तराखाली स्नायूचा एक पातळ पडदा असतो. बिघडलेल्या पेशी तो ओलांडून खाली गेल्या आहेत का? नसतील तर पॉलिप, असतील तर कर्करोग. (रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायच्या आधी मोबाइलवर वाचून रडत बसणारी मंडळी मी खूप पाहिली. 'डिस्प्लेसिया' म्हणजे पेशींची ठेवण बिघडलेली, कर्करोग नव्हे हो.)

पण हे पुस्तकातही मिळेल. मला सांगायची आहे ती एका शिवणकाम करणाऱ्या बाईची गोष्ट.

साल 1895. अमेरिकेतलं मिशिगन, गाव ॲन आर्बर. तिथल्या विद्यापीठात ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाचे पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे माझ्यासारखेच सूक्ष्मदर्शकाखाली रोग तपासणारे डॉक्टर होते. त्यांचे कपडे शिवणारी बाई एक दिवस उदास दिसली. काय झालं, म्हणून त्यांनी विचारलं. ती म्हणाली, मी लवकरच मरणार. आमच्या घरात सगळे तसेच जातात, कुणी पोटाच्या कर्करोगानं, कुणी आतड्याच्या, कुणी गर्भाशयाच्या. त्या वेळी ती धडधाकट होती!

दुसरा कुणी असता तर 'काहीतरीच काय, बाई' म्हणून मोकळा झाला असता. वॉर्थिन तिच्या घराण्याची वंशावळ मांडायला बसले. आता आपण दुकानातून तयार कपडे आणतो, मापं घेता घेता चार गोष्टी बोलणारा शिंपी उरला नाही. हे माझं जुनं दुखणं आहे, असो. ती बाई पुढे अकालीच गेली, गर्भाशयाच्या कर्करोगानं. ती म्हणाली होती तसंच.

वॉर्थिननी 1913 साली ते घराणं 'जी' या अक्षरानं छापून प्रसिद्ध केलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. कर्करोग रक्तातून उतरतो, हे तेव्हा पटणारं नव्हतं. पुढे अमेरिकेतल्याच नेब्रास्कातल्या ओमाहाचे डॉक्टर हेन्री लिंच यांनी 1966 साली अशीच दोन घराणी मांडली. वॉर्थिनच्या जुन्या नोंदीही त्यांच्या हाती आल्या आणि 1971 साली 'जी' घराणं पुन्हा छापून आलं. आज त्या विकाराला लिंच सिंड्रोम म्हणतात.

दोष कुठे होता? पेशी दुभंगताना डीएनएची, म्हणजे तिच्यातल्या आनुवंशिक मजकुराची, नक्कल होते. नकलेत अक्षरं चुकतात. ती चूक हेरून दुरुस्त करणारी यंत्रणा पेशीत असते. चुकलेला टाका उसवून पुन्हा घालावा, तसंच. त्या यंत्रणेतला एमएसएच2 हा जनुक 1993 साली सापडला, आणि 'जी' घराण्यातला दोष नेमका याच जनुकात निघाला. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घराण्यात उसवणारा हातच अधू होता!

असा दोष असला की पॉलिपाला दहा वर्षं लागत नाहीत, दोन-तीन वर्षांतही कर्करोग होऊ शकतो. म्हणून अशा माणसांची दुर्बिणीची तपासणी विशी-पंचविशीतच सुरू करतात आणि दर एक-दोन वर्षांनी करतात. लक्षात ठेवा, विशी-पंचविशीत. आता हे कुणाला लागू, ते कळायचं कसं? घरात कोण कशानं गेलं, यावरून. आपण लग्न जुळवताना गोत्र विचारतो, नाडी विचारतो. आजोबा कशानं गेले, हे विचारलं तर स्थळ हातचं जाईल.

माझ्याच आजोबांबद्दल घरात एवढंच सांगत, 'पोटानं गेले'. जन्मभर दुसऱ्यांची आतडी तपासून मी निवृत्त झालो, तेव्हा एकदा गावी जाऊन विचारावं असं मनात आलं. सांगू शकणारी एकच आत्या होती. ती आदल्या पावसाळ्यात गेली.

नमस्कार.