फोडणी: मिनिटभराचं काम

(दृश्य: लोखंडी कढलं, शेजारी मसाल्याचा डबा. गॅस अजून बंद.)

फोडणीचं वरण, कांदेपोहे, काकडीची कोशिंबीर. तिन्हींत सगळ्यात घाईची पायरी एकच. मोहरी पडल्यापासून हळद पडेपर्यंत जेमतेम मिनिट जातं, आणि तेवढ्यात हिंगाची डबी शोधायला मागे वळलात तर जिरं करपलंच म्हणून समजा. हॉटेलच्या स्वयंपाकघरात म्हणूनच आधी सगळं काढून, चिरून, पुसून हाताशी ठेवतात आणि मगच शेगडी पेटवतात. घरी ही सवय लावली तरी निम्म्या फोडण्या सुधारतील.

चार माणसांच्या वरणाचं, म्हणजे वाटीभर तूरडाळीचं प्रमाण असं: तेल २ मोठे चमचे, मोहरी अर्धा छोटा चमचा, जिरं तेवढंच, हिंग दोन चिमटी, कढीपत्त्याची ८-१० पानं, हिरव्या मिरच्या २, हळद पाव छोटा चमचा. कढीपत्ता धुतल्यावर फडक्यावर कोरडा करून घ्यायचा. पाण्याचा थेंब तापलेल्या तेलात गेला की त्याची क्षणात वाफ होते आणि तेल अंगावर उडतं. मिरच्यांना चीर द्यायची किंवा तुकडे करायचे. अख्खी मिरची आतल्या वाफेने फुटते.

(दृश्य: रुंद पॅन आणि छोटं कढलं शेजारी. दोन्हींत सारखंच तेल.)

आता भांडं. दोन चमचे तेल रुंद पॅनमध्ये ओतलं तर ते पसरून पातळ थर होतो. मोहरी त्यात बुडत नाही, खालून भाजते आणि न फुटताच काळी पडते. कढल्याचा तळ खोलगट असतो, तेल मध्ये साचतं, दाण्याला चारी बाजूंनी उष्णता लागते. कढलं नसेल तर लोखंडी पळी घ्या. पातळ स्टीलचं भांडं टाळलेलं बरं, त्याचा तळ एका जागी तापतो आणि करपण तिथूनच सुरू होते. लोखंड उलट वागतं. तापायला वेळ घेतं, पण गॅस बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहतं. त्यामुळे लोखंडी कढल्यातली फोडणी मनासारखी होण्याच्या किंचित आधीच उतरवायची.

तेल किती तापलं हे डोळ्यांनी ठरवू नका. मोहरीचे दोन दाणे टाका. ते तळाशी गप्प बसले तर थांबा. भोवती बुडबुडे येऊन दोन-तीन सेकंदांत तडतडले तर तेल तयार आहे. पडताक्षणी काळे झाले, तेलातून धूर निघत असला, तर गॅस बंद करून अर्धा मिनिट जाऊ द्या आणि पुन्हा दाणे टाकून बघा.

मोहरीच्या दाण्यात थोडा ओलावा असतो. त्याची वाफ होते, साल फुटते, दाणा उडतो, म्हणून हातात झाकण हवं. कच्ची मोहरी वाटून पाणी लागलं की तिच्यातला एक घटक जागा होतो आणि नाकात जाणारा झणका तयार होतो. लोणच्यात आणि फेसलेल्या मोहरीत आपल्याला तोच हवा असतो. तापल्या तेलात मात्र तो घटक निकामी होतो, आणि फुटलेली मोहरी खमंग लागते. अर्धवट फुटलेली मोहरी दाताखाली कडू लागते. घरच्या फोडणीतली सगळ्यात नेहमीची चूक हीच: चार दाणे तडतडले की लगेच जिरं. तडतड जोरात सुरू होऊन ओसरू लागेपर्यंत थांबायचं.

मग आच मंद, आणि जिरं. मोहरी आणि जिरं एकदम टाकणाऱ्यांची मोहरी कच्ची राहते किंवा जिरं जळतं, कारण जिऱ्याला पाच-सहा सेकंद पुरतात. ते फुललं, रंग एक छटा गडद झाला, की हिंग.

हिंगाबद्दल थोडं सांगायला हवं. डबीत मिळतो तो बहुतेक बांधानी हिंग, म्हणजे मूळ चिकात डिंक आणि मैदा मिसळलेला. गहू न चालणाऱ्यांनी डबीवरचे घटक वाचून घ्यावेत. शुद्ध हिंगाचा खडा असेल तर मोहरीच्या दाण्याएवढा तुकडाही या वरणाला भरपूर. तो महाग असतो, कारण आपल्याकडे मुख्यतः अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तानातून येतो. हिमाचलातल्या लाहौलमध्ये लागवडीला सुरुवात झाली ती २०२० साली. हिंग तेलातच पडायला हवा. नुसत्या वरणावर भुरभुरवला तर त्याचा उग्र वास तसाच राहतो. तेलात दोन-तीन सेकंद फुलला की तो कांदा-लसणाच्या वासाकडे झुकतो.

हिंगापाठोपाठ मिरची आणि कढीपत्ता. चुरचुर थांबली, पानं कडक झाली, की गॅस बंद. हळद त्यानंतर.

(दृश्य: गॅसची ज्योत विझते. हळद तेलात पडते, तेल पिवळंधमक होतं.)

हळद आणि लाल तिखट बारीक पूड असल्याने ती जळायला वेळच लागत नाही. दोन्हींचा रंग तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. म्हणून पोह्यांवर वरून हळद घातली तर एक पोहा पिवळा, एक पांढरा असे ठिपके दिसतात, आणि फोडणीत घातली तर सगळे पोहे एका रंगाचे होतात. पोह्यांच्या फोडणीत कांदा आधी परतून घ्या आणि हळद त्याच्यावर टाका. कांद्याच्या ओलाव्याने ती जळत नाही. शेंगदाणे सुरुवातीलाच तळून बाजूला काढा, शेवटी मिसळा, कुरकुरीत राहतात.

लाल तिखटाचं तेच. मिसळीच्या कटावर लाल तर्री हवी असेल तर तेल गॅसवरून उतरवा, वीस-तीस सेकंद निवू द्या, तिखट घाला, ढवळा आणि लगेच एक-दोन चमचे कोमट पाणी सोडा. पाणी असेपर्यंत तिखट जळत नाही. मग मंद आचेवर ते पाणी आटून तेल सुटू द्या. तेल फार तापलेलं असेल तर पाण्याने उसळेल, म्हणून निववायचं टाळू नका. रंगासाठी ब्याडगी किंवा काश्मिरी, झणक्यासाठी लवंगी. एकाच मिरचीकडून दोन्ही मागितलं की हात वाढतो आणि कट नुसता जाळ होतो.

लसणाला वेगळी वागणूक. मोहरीला लागतं तितकं गरम तेल लसणाला सोसत नाही. मोहरी फुटली की कढलं आचेवरून उचला, दहा सेकंद थांबा, मग लसूण. ठेचलेला लसूण लवकर जळतो, चकत्या सावकाश, दोन्ही एकत्र घातले तर एक जळणार आणि एक कच्चा राहणार. चकत्या गव्हाच्या काडीच्या रंगावर आल्या की उतरवा, सोनेरी त्या कढल्यातच होतात. गॅसवर असतानाच तपकिरी झाल्या तर वाढेपर्यंत कडू होतील.

फोडणी तयार झाली, आता ती कधी घालायची? आमटीत ती आधी होते. फोडणीत शिजलेली डाळ, मग चिंच, गूळ, गोडा मसाला, आणि आठ-दहा मिनिटं उकळी. इथे मसाल्यांचा स्वाद आमटीत मुरतो, वास थोडा उडतो, ते चालतं. चिंच किंवा आमसूल मात्र डाळ पूर्ण शिजल्यावरच घाला. आंबटामुळे डाळ मऊ व्हायला अडते, कितीही शिट्ट्या काढा. फोडणीचं वरण नेमकं उलट: डाळ घोटून, मीठ घालून, उकळून तयार, आणि फोडणी वरून. चर्र झालं की ताबडतोब झाकण, दोन मिनिटं उघडायचं नाही. वाफेबरोबर उडणारा वास झाकणाखाली परत वरणात बसतो. नंतर पुन्हा उकळलंत तर सगळं केलेलं वाया.

कोशिंबिरीत फोडणी कोमट झाल्यावर. कढत तेल दह्यावर पडलं की दही तिथल्या तिथे फुटतं, कण दिसतात. मीठही अगदी वाढायच्या वेळीच घाला, नाहीतर काकडीला पाणी सुटून दाण्याचा कूट खाली बसतो.

(दृश्य: जळलेली फोडणी, काळं तेल.)

करपली तर? टाकून द्या. कडवटपणा तेलात उतरलेला असतो, दाणे गाळून किंवा गूळ वाढवून तो जात नाही. दोन चमचे तेल गेलं तर गेलं, वाटीभर डाळ वाचली. आणि तेलाने पेट घेतलाच तर गॅस बंद करून वर घट्ट झाकण ठेवा. पाणी कधीही ओतू नका, कढलं उचलून मोरीकडे धावूही नका.

पाहुण्यांसाठी तिप्पट फोडणी करताना एक लक्षात असू द्या. जास्त तेल उष्णता जास्त वेळ धरून ठेवतं, आच बंद केल्यावरही जिरं शिजतच राहतं. तेव्हा हिंग पडला की लगेच उतरवा. सकाळच्या घाईसाठी फोडणी आधीच करून ठेवायची असेल तर मोहरी, जिरं आणि हिंग एवढ्यावर थांबा, पूर्ण निववून कोरड्या बरणीत भरा, आठवडाभरात संपवा. ओला लसूण घातलेलं तेल ओट्यावर साठवू नये. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तिथे घातक जंतू वाढू शकतात, त्याला वास येईलच असंही नाही. लसणाची फोडणी त्या त्या वेळीच करा.