जाळीपाशी न रेंगाळणारा उंदीर

तीन कप्प्यांची पारदर्शक पेटी. एका टोकाला जाळीच्या पिंजऱ्यात अनोळखी उंदीर, दुसऱ्या टोकाला निर्जीव वस्तू. मधे सोडलेला उंदीर कुठे जाणार? घोळक्यात राहणारा प्राणी तो. जाळीपाशी जातो, हुंगतो आणि तिथेच रेंगाळतो.

आता हा दुसरा. दिसायला तसाच, पण त्याला सोबती काय आणि वस्तू काय, दोन्ही सारखंच.

याच्या शरीरात इंटरफेरॉन गॅमा बनवणारं जनुक नाही. संशोधकांनीच ते काढून टाकलंय. अशा उंदरांना ‘नॉकआऊट’ म्हणतात आणि ते घडवण्याच्या तंत्राला २००७चं नोबेल मिळालं.

इंटरफेरॉन गॅमा हे खरं तर संसर्गाशी लढायचं रसायन. टी-पेशी (रोगप्रतिकारशक्तीच्या पेशी) ते सोडतात, भक्षक पेशी त्यानं चेवतात. मग त्याचा मैत्रीशी काय संबंध?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात जोनाथन किपनिस आणि अँथनी फिलियानो यांच्या गटानं २०१६मध्ये ‘नेचर’मध्ये याचं उत्तर मांडलं. मेंदूच्या बाह्य थरात काही चेतापेशींचं कामच मुळी इतरांना आवर घालण्याचं. त्यासाठी त्या वापरतात ‘गाबा’ नावाचं रसायन. इंटरफेरॉन गॅमा पोहोचलं की हा आवर घट्ट होतो. ते नसेल, तर मेंदूचा पुढचा भाग गरजेपेक्षा जास्त उत्तेजित राहतो आणि सोबतीची ओढ मावळते. संशोधकांनी आणखी एक खातरजमा केली: जनुक शाबूत ठेवलं, फक्त या पुढच्या भागातल्या चेतापेशींवरचे इंटरफेरॉन ओळखणारे रिसेप्टर काढले. उंदीर तरीही तुटकच वागले.

गाबाचा परिणाम वाढवणारं एक जुनं, ओळखीचं औषध आहे, डायझेपाम. ते दिल्यावर हेच उंदीर पुन्हा सोबत शोधू लागले. मला हा पुरावा सगळ्यात बोलका वाटतो.

संशोधकांचा एक तर्कही आहे. जमाव आला की रोगाचा फैलावही आला. म्हणून मिसळण्याची ओढ आणि रोगाशी लढण्याची तयारी उत्क्रांतीत हातात हात घालून वाढली असावी. तर्क देखणा आहे, पण तर्कच. आणि उंदराच्या पेटीवरून माणसाच्या एकटेपणावर उडी मारायची घाई नको.

पुन्हा तीच पेटी, तोच एकलकोंडा उंदीर. काल त्याच्या मेंदूभोवतीच्या द्रवात इंटरफेरॉन गॅमाचं एकच इंजेक्शन दिलं होतं. चोवीस तास झालेत.

तो जाळीकडे निघालाय.