न मागता आलेलं, मागून न आलेलं : यांगूनमधलं एक दुपारचं जेवण

(दृश्य : काचेच्या कपाटात ओळीने मांडलेली करीची भांडी. वर तेलाचा तांबूस थर. मागे पंख्याचा आवाज.)

म्यानमारमधल्या यांगूनच्या, म्हणजे जुन्या रंगूनच्या, साध्या खानावळीत तुम्ही खुर्ची नीट पुढे ओढेपर्यंत टेबल भरायला लागतं. चहाचा थर्मास आधीपासून तिथे असतोच. बिनदुधाचा, फिका, हिरवट चहा. त्याचे पैसे नाहीत. मग एक ताटली येते कच्च्या आणि उकडलेल्या भाज्यांची: काकडी, कोबी, गोल हिरवी वांगी आणि आपल्याला ओळखू न येणारा पाला. तिच्या मधोमध एक वाटी, त्यात न्गापीचं, म्हणजे मीठ लावून आंबवलेल्या मासळीचं पातळ तोंडीलावणं. मग सूप, बऱ्याचदा अंबाडीच्या पाल्याचं आंबट. मग लसूण, मिरची आणि सुकटीचा कोरडा, कुरकुरीत बालाचाउंग. भात. यातलं तुम्ही काहीही मागवलेलं नसतं.

आता जरा एक वेगळा चमचा मागून बघा.

(थोडा वेळ शांतता. फक्त पंखा.)

बर्मी खानावळीतली सेवा वाईट असते असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि इतकं आदरातिथ्य कुठे पाहिलं नाही असं म्हणणारेही. दोघं बहुधा एकाच हॉटेलात, एकाच टेबलावर बसलेले असतात. न मागता जे यायचं ते झटकन येतं. मागितलेलं मात्र कधी येतं, कधी वाटेत हरवतं.

(दृश्य : ग्राहक काचेवर बोट ठेवून करी निवडतो आहे.)

इथल्या करीच्या दुकानात मेन्यूकार्ड नसतं. उठायचं, काचेपाशी जायचं, बोट दाखवायचं. डुकराचं मांस, कोंबडी, मटण, कोळंबी, मासा. कांदा, लसूण, आलं, हळद, मिरची एकत्र वाटून तेलात परतायचं, पाणी आटेपर्यंत, तेल पुन्हा वर येईपर्यंत. ते तेल नंतर काढून टाकत नाहीत. पदार्थ दिवसभर टिकावा म्हणून ते वरच राहतं, झाकणासारखं. कारण सगळं सकाळीच रांधलेलं असतं आणि तुमच्यापुढे येतं ते कोमट. पहिल्यांदा आलेला माणूस इथेच नाराज होतो. त्याला वाटतं, गरम करायचीही तसदी घेतली नाही. पण कोमट करी आणि वाफाळता भात ही इथली ठरलेली जोडी आहे.

पैसे मोजायचे ते त्या एका करीचे. भात, सूप, पाला, तोंडीलावणी त्यातच. भात संपत आला की पोऱ्या हजर. सूपची वाटी अर्धी झाली की पुन्हा भरलेली. इतकं बारीक लक्ष मोठ्या हॉटेलातही मिळत नाही. पण त्या मुलाचं लक्ष असतं ते तुमच्या वाटीकडे. तुम्ही हात वर केलात तर तो दिसेलच असं नाही.

(दृश्य : दुसरं हॉटेल. लॅमिनेट केलेलं, फोटोंचं जाडजूड मेन्यूकार्ड.)

आम्ही चित्रीकरणासाठी बसलो ते हॉटेल याच्या एक पायरी वरचं. नाव सांगत नाही, कारण अशी हॉटेलं शहरभर आहेत. एका बाजूला करीची काच तशीच ठेवलेली. दुसऱ्या बाजूला मेन्यूकार्ड, त्यात शान या डोंगराळ राज्यातल्या नूडल्सपासून फळांच्या रसांपर्यंत सगळं. आम्ही चार गोष्टी सांगितल्या: डुकराची करी, तळलेला शान तोफू, लफे थोक, म्हणजे आंबवलेल्या चहाच्या पानांचं कालवण, आणि लिंबाचा रस. मोहिंगाही विचारला. मुलाने हसून मान हलवली. बरोबरच होतं त्याचं. मागूर माशाच्या रश्श्यात गवती चहा आणि केळीच्या खोडाचा गाभा घालून केलेला तो नूडल्सचा पदार्थ सकाळचा. दुपारी मोहिंगा मागणं म्हणजे दुकान बंद झाल्यावर शटर वाजवणं.

करी लगेच आली. तोफू बराच वेळाने. हा तोफू सोयाबीनचा नसतो. चण्याच्या पिठाचं घोटून शिजवलेलं मिश्रण ओतून ठेवायचं, थंड झालं की कापायचं आणि तळायचं. आपल्या पाटवडीची सख्खी बहीणच, फक्त सासर शान डोंगरातलं. बाहेरून कडक, आतून लोण्यासारखा, सोबत आंबटतिखट पाणी. त्या टेबलावर सगळ्यात चांगलं काही होतं तर तोफूच.

लफे थोक आलं तेव्हा करी संपली होती, भात संपला होता. सूप मात्र तोवर पुन्हा पुन्हा भरून झालं होतं.

(दृश्य : मिश्रण कालवणारे हात. जवळून.)

या पदार्थापाशी जरा थांबू. लफे म्हणजे आंबवलेली चहाची कोवळी पानं. शान राज्यातल्या नामसानसारख्या डोंगराळ भागात पलाउंग, म्हणजेच ताआंग लोक हा चहा पिकवतात. पानं वाफवायची, दाबून भरायची आणि महिनोन्‌महिने मुरू द्यायची. खायच्या वेळी त्यात तळलेला लसूण, तळलेले वाल, शेंगदाणे, तीळ, टोमॅटो, कोबी, सुकट, लिंबू, हिरवी मिरची. बर्मी लोकांचं एक वचन आहे: फळांत आंबा, मांसात डुकराचं, पानांत लफे. तिन्हींबाबत भांडायला तिथे कुणी तयार होत नाही. ब्रिटिशांच्या आधीच्या काळात खटल्याचा निकाल लागला की दोन्ही पक्ष लफे खायचे. खाल्लं म्हणजे निकाल मान्य.

तर हे कालवायचं ते हाताने, आणि अगदी शेवटच्या क्षणी. दहा मिनिटं आधी कालवलं तर वाल मऊ पडतात आणि सगळी गंमत गेली. मोठ्या हॉटेलातही कालवणाऱ्याची जागा वेगळी, एका कोपऱ्यात. आम्ही बसलो त्या हॉटेलात तिथे एकच बाई होत्या आणि त्यांच्यासमोर चिठ्ठ्यांची रांग. म्हणजे करीला लागतं अर्धं मिनिट, कारण ती फक्त वाढायची आहे. लफेला लागतात वीस मिनिटं. मेन्यूकार्डावर मात्र दोन्ही एकाच पानावर, एकाच आकाराच्या फोटोत.

आणखी एक गोष्ट. बर्मी घरात जेवण टप्प्याटप्प्याने येत नाही. आधी हे, मग ते, असा प्रकारच नाही. सगळं एकदम मांडतात, पहिला घास घरातल्या वडीलधाऱ्यांच्या ताटात जातो आणि मग बाकीचे सुरू करतात. लफे येतं जेवणानंतर, लाखेच्या खणाखणाच्या डब्यात, ज्याने त्याने बोटाने चिमूट उचलायची. तेव्हा आमचं लफे शेवटी आलं ते रीतीला धरूनच होतं, असंही म्हणता येईल. खरं कारण असं की मुलगा चिठ्ठी द्यायला विसरला होता.

(दृश्य : जुन्या रंगूनच्या इमारती. रस्त्यावरचा चहाचा गाडा, समोसे, पराठे.)

मंडाले म्हटलं की मराठी माणसाला टिळकांचा १९०८ ते १९१४चा तुरुंगवास आठवतो. रंगूनचं आपल्याशी नातं मात्र तुरुंगापेक्षा गोदीचं आणि बाजाराचं. १९३७पर्यंत हा देश ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. १९३१च्या जनगणनेत रंगूनच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक लोक हिंदुस्थानी होते. दुधाचा गोड चहा, समोसा, पराठा, तंदूरमधला नान हे सगळं चहाच्या दुकानांत शिरलं ते त्यांच्यामुळे. चिनी लोकांनी तळलेल्या पिठाच्या लांब कांड्या आणल्या, त्याही त्याच टेबलावर आल्या. १९६२मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली, दुकानं आणि व्यापार सरकारजमा झाले आणि पुढच्या काही वर्षांत लाखो हिंदुस्थानी परतले. दुकानदार गेले, समोसा राहिला.

चहाच्या दुकानांची सेवा तर अजून निराळी. काही न सांगता समोशांची बशी टेबलावर ठेवून जातात. खाल्लं तेवढ्याचेच पैसे, उरलेलं परत. नवख्याला वाटतं गळ्यात मारताहेत. तसं काही नाही. आणि पोऱ्याला बोलवायचं ते ओठांचा चुंबनासारखा आवाज काढून. सगळे काढतात. मला त्यात राग येण्यासारखं काही वाटलं नाही, पण जमेल असंही वाटलं नाही. 'न्यी ले', म्हणजे धाकट्या भावा, अशी हाक मारली तरी चालतं, फक्त ती गोंगाटात पोचायला हवी.

(दृश्य : ट्रे घेऊन धावणारा मुलगा. चेहरा दाखवू नये.)

हा धाकटा भाऊ खरोखरच धाकटा असतो. चहाच्या दुकानांतली कितीतरी मुलं इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातल्या किंवा मध्य म्यानमारच्या कोरडवाहू गावांतून आलेली. राहणं, जेवणं दुकानातच. रात्री टेबलं जोडून त्यावर झोपायचं आणि पहाटे चूल पेटायच्या आत उठायचं. पगार बऱ्याचदा थेट आईबापांकडे. २०१६च्या कायद्याने दुकानांत कामाला ठेवायचं किमान वय १४ ठरवलं. कायदा आहे. मुलंही आहेत.

१ फेब्रुवारी २०२१ला लष्कराने पुन्हा सत्ता घेतली. २०२४च्या फेब्रुवारीत सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा अमलात आणल्याचं जाहीर झालं: १८ ते ३५ वयाचे पुरुष, १८ ते २७ वयाच्या स्त्रिया. त्यानंतर तरुण मुलं थायलंडची वाट धरू लागली. आता विचार करा, हॉटेलात चांगला वेटर कोण असतो? चोवीस-पंचवीस वर्षांचा, सहा-सात वर्षं मुरलेला, कुठल्या टेबलावर काय गेलं ते डोक्यात ठेवणारा. नेमकं तेच वय. वर दिवसातून काही तास वीज नसते, जनरेटर धडधडतो आणि रसाचं यंत्र थांबतं.

पण सगळ्याचं खापर लष्करावर फोडून हॉटेलमालकाला मोकळं सोडायचं नाही. आमच्या शेजारचं टेबल आम्ही आलो तेव्हा खरकटं होतं, आम्ही निघालो तेव्हाही खरकटंच. मालक गल्ल्यावर बसून फोनमध्ये. दाराजवळच्या ओळखीच्या मंडळींना मात्र बियर संपायच्या आत दुसरी. आणि ज्या करीच्या दुकानापासून आपण सुरुवात केली तिथेही वीज तशीच जात होती, मुलंही तितकीच लहान होती. तिथे कुणाची वाटी रिकामी राहिली नाही. फरक इतकाच की त्या दुकानाने आपली जुनी रीत सोडली नव्हती. इथे जुन्या रीतीवर जाड मेन्यूकार्ड ठेवलं, पण कालवणाऱ्या बाई एकच राहिल्या आणि धावणारी पोरंही तेवढीच.

या सगळ्यात आवाज कुणी चढवला नाही. मागच्या टेबलावर एक बर्मी कुटुंब नूडल्सची वाट बघत होतं, आमच्याहून जास्त वेळ. समोरच्याला अवघडल्यासारखं होईल असं वागायचं नाही, हा इथला संस्कार घट्ट आहे. त्यामुळे गिऱ्हाईक तक्रार करत नाही आणि तक्रार नसल्यामुळे वेटर दिलगिरीही व्यक्त करत नाही. शेवटी त्या घरातले आजोबा उठले, स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले, आत डोकावून दोन शब्द बोलले आणि येताना दोन वाडगे स्वतःच घेऊन आले. आमचा कॅमेरामन तेवढं बघून उठला आणि त्याने काचेपाशी जाऊन अजून एक करी बोटाने दाखवली. ती लगेच आली.

(दृश्य : टेबलावरच्या रिकाम्या बशा.)

तिथे जाणार असाल तर मोहिंगा सकाळीच खा, करी बाराच्या सुमारास, भांडी भरलेली असताना. संध्याकाळी उरतं ते तेल आणि हाडं. मेन्यूकार्डातून लफे किंवा दुसरं काही कालवलेलं हवं असेल तर बसल्याबसल्या सगळ्यात आधी तेच सांगा. टेबलावरच्या ओल्या टिश्यूचं पाकीट फोडलंत तर त्याचे क्यात, म्हणजे तिथले पैसे, लागतात. टिप द्यायची सक्ती नाही. द्यायची झाली तर उजव्या हाताने, डावा हात उजव्या कोपराला लावून.

बिलासाठी 'शिन् मे' म्हणायचं. पोऱ्या येतो आणि टेबलावरच्या बशा, वाट्या, बाटल्या मोजून तोंडी हिशोब करतो. आमच्या बिलात कधीच न आलेला लिंबाचा रस होता आणि खाल्लेला तोफू नव्हता. आम्ही दोन्ही सांगितलं. त्याने बशा पुन्हा मोजल्या, मालकाला हाक मारली, मालकाने फोन बाजूला ठेवून स्वतः बेरीज केली. बिल आधीपेक्षा वाढलं.