इम्युनोथेरपी सुरू असताना जुलाब लागले तर?

नमस्कार मंडळी. मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग अंगात पसरला असेल, तर इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब ही दोन औषधं जोडीनं देतात. दर तीन आठवड्यांनी, असे चार डोस. मग एकटं निव्होलुमॅब. मेलॅनोमा ऑस्ट्रेलियात भरपूर, आपल्याकडे तसा कमी. पण ही जोडी मूत्रपिंडाच्या कर्करोगातही वापरतात, म्हणून ऐकून ठेवा.

ही केमो नाही, इम्युनोथेरपी आहे. आपल्या टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, जे ब्रेक असतात त्यांतले दोन म्हणजे सीटीएलए-४ आणि पीडी-१. या शोधांसाठीच जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. जोडीनं दोन्ही ब्रेक सुटतात. मग सुटलेल्या पेशी कर्करोगावर तुटून पडतात, आणि कधीकधी आपल्याच आतड्यावर, यकृतावर, थायरॉइडवरसुद्धा.

चेकमेट ०६७ या मोठ्या चाचणीत जोडी घेणाऱ्या शंभरातल्या सुमारे ५९ जणांना गंभीर दुष्परिणाम झाले. मग लोक घेतात कशाला? कारण त्याच गटातले सुमारे ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनीही हयात होते. पसरलेल्या मेलॅनोमात एकेकाळी वर्ष काढणंही कठीण होतं.

अंगावर पुरळ, खाज बहुधा आधी येते. खरी भानगड पोटाची. जुलाब झाले की आपण काय करतो? घरातली गोळी घेतो, ताकभात खातो, दोन दिवस वाट बघतो. इथे ते चालत नाही, कारण हा संसर्ग नसून आतड्याला आलेली सूज असू शकते. रोजच्यापेक्षा चार-सहा वेळा जास्त जावं लागलं, तरी त्याच दिवशी फोन करायचा. रोजच्यापेक्षा सात किंवा त्याहून जास्त वेळा, किंवा शौचातून रक्त, म्हणजे थेट हॉस्पिटल. उपचार म्हणजे स्टेरॉइड. त्यानं भागलं नाही तर इन्फ्लिक्सिमॅब हे सूज उतरवणारं दुसरं औषध. स्टेरॉइड काही आठवड्यांत हळूहळू उतरवतात, बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका.

सतत डोकेदुखी आणि कमालीचा थकवा असेल तर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तपासावी लागते. दम लागला, छातीत दुखलं, तर अजिबात थांबू नका. हृदयाला सूज क्वचितच येते, पण जिवावर बेतते. आणि हो, शेवटच्या डोसानंतर काही महिन्यांनीही हे सगळं उद्भवू शकतं.

कितीतरी जण त्रास लपवतात. डॉक्टर औषध बंद करतील ही भीती. पण सुरुवातीच्या डोसांतच दुष्परिणामांमुळे औषध थांबवलेल्यांचं आयुर्मान, या जोडीच्या चाचण्यांमध्ये, इतरांपेक्षा कमी दिसलं नाही.

फोनवर चार गोष्टी सांगा: किती वेळा, कधीपासून, रक्त आहे का, शेवटचा डोस कधी झाला. आणि रात्री अनोळखी डॉक्टर भेटले, तर पहिलं वाक्य हे: “केमो नाही, इम्युनोथेरपी चालू आहे.”