भाषणाला टाळी, ठरावाला वही

श्रोतेहो, नमस्कार.

कुठल्याही पक्षाचं अधिवेशन भरलं की दोन-तीन दिवस भाषणंच भाषणं. टीव्हीवर तेच, मोबाईलवर तेच, पारावर तेच. वावरातून आलेला माणूस हातपाय धुऊन बाजेवर बसतो, तासभर ऐकतो आणि उठताना म्हणतो, "बोलला तर बाप्पा लय चांगला. यंदा काहीतरी होईन असं वाटते." घरातलं शिकलेलं पोरगं यावर हसतं. हसण्यासारखं त्यात काही नाही. निवडणुकीच्या सभेत वक्त्याचा निम्मा वेळ समोरच्याला झोडपण्यात जातो. अधिवेशनात मात्र पक्षाला आपण स्वतः काय करणार हे सांगावं लागतं, तेही आपल्याच कार्यकर्त्यांसमोर. त्यामुळे आशा धरायचीच, तर ती धरायला ही जागा बरी आहे. ती भाषणातल्या कशावर धरायची, तेवढं आज पाहू.

पक्ष कोणता, हा आजचा विषय नाही. आणि डिसेंबरात नागपूरला भरतं ते विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन, त्याची रीत निराळी. आपण बोलतोय ते पक्षाच्या मांडवाबद्दल.

मांडवातला क्रम साधारण ठरलेला असतो. झेंडावंदन, स्वागताध्यक्षांचं भाषण, शोकप्रस्ताव, मग अध्यक्षीय भाषण. त्यानंतर ठराव: एक राजकीय, एक आर्थिक, बहुतेक वेळा एक शेतीचा. शेवटी समारोप. आपल्याला दिसतं ते अध्यक्षीय भाषण आणि समारोप, कारण ठराव चालू असताना कॅमेरेवाले जेवायला गेलेले असतात. पण पक्षाला बांधून घेणारा मजकूर ठरावातच असतो. त्याचा मसुदा आधी समितीत ठरतो. जुन्या काळी तिला विषय नियामक समिती म्हणत. खुल्या अधिवेशनात एक जण ठराव मांडतो, दुसरा अनुमोदन देतो, मग तालुक्या-जिल्ह्याच्या प्रतिनिधींना बोलायला चार-दोन मिनिटं मिळतात. कोणाची उपसूचना, म्हणजे मसुद्यात बदल सुचवणारी सूचना, असली तर ती येते आणि शेवटी हात वर होतात. ऐकणाऱ्यानं कान द्यायचा तो इथं. उपसूचना आली का? आणणाऱ्याला बोलू दिलं, की घंटी वाजवून बसवलं?

याचा एक जुना दाखला आपल्या नागपूरचाच आहे. १९२० च्या डिसेंबरात तिथं काँग्रेसचं अधिवेशन झालं. अध्यक्ष होते सी. विजयराघवाचारियर आणि प्रतिनिधी होते चौदा हजारांवर. देशबंधू चित्तरंजन दास बंगालहून आपली माणसं घेऊन आले ते असहकाराला विरोध करायला. मांडवाबाहेर वाटाघाटी झाल्या, मजकूर दोन्हीकडच्यांना चालेल असा केला गेला आणि खुल्या अधिवेशनात असहकाराचा ठराव दासांनीच मांडला. त्याच मांडवात बॅरिस्टर जीना विरोधात बोलायला उभे राहिले. त्यांच्या तोंडून 'मिस्टर गांधी' असं निघालं आणि 'महात्मा म्हणा' असा एकच गलका झाला. त्यानंतर ते काँग्रेसमधून बाहेर पडले. विरोध करणारे दोघेही होते. एकाचं ऐकून घेतलं गेलं आणि दुसऱ्याची हुर्यो उडवली गेली.

त्या अधिवेशनाचं सगळ्यात टिकाऊ काम मात्र यांपैकी कोणत्याच भाषणात सापडत नाही. ते पक्षाच्या नव्या घटनेत आहे. सभासदाची वर्गणी चार आणे ठरली, पंधरा जणांची कार्यकारिणी झाली आणि प्रांतिक समित्या भाषेप्रमाणे पाडल्या गेल्या. आपला वऱ्हाड हाही त्यांतलाच एक प्रांत. वकील-बॅरिस्टरांचा पक्ष गावात आला तो या कलमांमुळे. आजही अधिवेशनात घटनादुरुस्तीचं काही निघालं, बूथ समितीचे अधिकार, महिलांच्या जागा, पदावर किती वर्षं राहायचं असं काही, तर चॅनल बदलू नका. कंटाळवाणं असतं खरं, पण पुढच्या पाच वर्षांत तुमच्या तालुक्यातून कोण पुढं येणार हे तिथंच ठरतं.

ठरावाचं फळ हाती यायला किती वर्षं लागतात, याचेही दाखले नागपुरातच आहेत. जुलै १९४२ मध्ये तिथं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत अखिल भारतीय दलित परिषद भरली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हा बाबासाहेबांचा पक्ष तिथंच उभा राहिला. परिषदेला जोडून २० जुलैला महिलांची वेगळी परिषद झाली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क मिळावा, बहुपत्नीत्वाला कायद्यानं बंदी व्हावी, असे ठराव त्या बायांनी केले. तेव्हा त्यांच्या हातात सत्ता नव्हती. १९५५ साली हिंदू विवाह कायदा आला आणि त्यात या दोन्ही गोष्टी होत्या. मधे तेरा वर्षं गेली. स्वतः बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल, म्हणजे हिंदूंच्या विवाह-वारशाच्या कायद्याचं विधेयक, रखडलं म्हणून १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, तेही याच तेरा वर्षांत. मागणी नेमकी होती, कायद्याची होती, आणि सत्तेच्या जागी बसून ती रेटणारा माणूस होता, म्हणून ती तडीस गेली.

आता उलटा दाखला. जानेवारी १९५९, पुन्हा नागपूर, पुन्हा काँग्रेस. ठराव सहकारी शेतीचा. त्याला तारखासुद्धा होत्या: तीन वर्षांत गावोगाव सेवा सहकारी संस्था, १९५९ च्या अखेरीस सगळ्या राज्यांत जमीन सुधारणांचे कायदे पूर्ण, आणि पुढं जमिनी एकत्र करून संयुक्त शेती. बरं, पंतप्रधान त्यांचेच आणि जवळपास सगळी राज्यं त्यांचीच. तरी संयुक्त शेती झाली नाही. महाराष्ट्राचा कमाल जमीनधारणा कायदा १९६१ चा. का फसलं? शेतजमीन हा राज्यांचा विषय, आणि राज्याराज्यांत पक्षाचे पुढारी होते ते बहुतेक जमीनवालेच. उत्तर प्रदेशचे पुढारी चरणसिंग यांनी त्या अधिवेशनातच कडाडून विरोध केला होता. त्याच वर्षी या ठरावाच्या विरोधातून 'स्वतंत्र पक्ष' नावाचा नवा पक्ष निघाला. म्हणजे आकडा आहे, तारीख आहे, सत्ताही आहे, तरी ज्याच्या हातून काम व्हायचं त्याचंच त्यात नुकसान असेल तर ठराव कागदावर राहतो. भाषण ऐकताना हा प्रश्न सगळ्यात शेवटी सुचतो आणि तो सगळ्यात आधी विचारायला पाहिजे: हे झालं तर पक्षातल्याच कोणाचं बिघडतं?

आता आपल्या धुऱ्यावर येऊ. विदर्भात कुठल्याही मांडवात कापसाचं नाव निघालं की टाळी पडते. कापसाबद्दलची वाक्यं तीन-चारच असतात, त्यामुळे ती तपासणंही सोपं आहे.

पहिलं वाक्य, "उत्पादन खर्चाच्या दीडपट भाव देऊ." कोणता खर्च? सरकार दीडपट धरतं ते बी-बियाणं, खत, औषध, मजुरी असा रोख खर्च आणि घरच्या माणसांच्या राबण्याची किंमत एवढ्यावर. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हा खर्च क्विंटलला ५,१४० रुपये धरला. त्याची दीडपट म्हणजे ७,७१० रुपये, आणि तोच हमीभाव. लांब धाग्याला ८,११०. स्वामिनाथन आयोगाच्या शिफारशीवर शेतकरी संघटना जो हिशेब मागतात, त्यात स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलावरचं व्याजही येतं. त्यामुळे दोन वक्ते 'दीडपट' म्हणतात, टाळ्या सारख्याच पडतात आणि क्विंटलमागे फरक मोठा राहतो. वक्त्यानं जमिनीचं भाडं धरलं की नाही, ते ऐका. काहीच बोलला नाही, तर जे आज मिळतं तेच तो पुन्हा देतोय असं समजा.

दुसरं, "हमीभावानं शेवटच्या बोंडापर्यंत खरेदी करू." हमीभाव जाहीर करतं केंद्र, कापूस खरेदी करतं भारतीय कापूस निगम. खरेदीचा निकष आर्द्रतेचा आहे: ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ मध्ये टक्क्याप्रमाणे कपात, १२ च्या वर माल परत. दिवाळीच्या आसपासचा पहिल्या वेच्याचा कापूस ओला असतो आणि नेमका तेव्हाच पैशाचा खोळंबा असतो, मग तो खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला, मिळेल त्या भावात जातो. त्यातून आता कपास किसान ॲपवर नोंदणी लागते. सातबाऱ्यावर पेरा चढलेला नसेल तर गाडी तिथंच अडते. तेव्हा भाषणात केंद्रं कधी सुरू होतील, तालुक्याला किती, ओल्या कापसाचं काय, यांतलं एक तरी वाक्य आलं तर बोलणाऱ्याला हा धंदा कळतो. नुसतं "शेवटच्या बोंडापर्यंत" ऐकायला गोड आहे.

तिसरं, बोनस. समजा कोणी क्विंटलला हजार रुपये बोनस म्हटलं. हिशेब पाटीवर करता येतो. एक गाठ १७० किलो रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची. रुईचा उतारा ३४ टक्के धरला तर गाठीला ५ क्विंटल कापूस लागतो. लाख गाठींना पाच लाख क्विंटल, म्हणजे बोनस ५० कोटी. बऱ्या हंगामात महाराष्ट्रात ८० लाखांच्या आसपास गाठी होतात. झाले ४,००० कोटी. रक्कम मोठी आहे, पण अशक्य नाही. वक्त्यानं हा आकडा स्वतः उच्चारला आणि पैसा कुठून आणणार ते सांगितलं, तर त्या वाक्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. निवडणूक आयोगाची आचारसंहिताही जाहीरनाम्याबद्दल हेच सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर त्यात तरतूद आली की आश्वासनामागचा विचार आणि पैशाची सोय ढोबळपणे तरी दाखवावी. ही तरतूद वक्त्यांना माहीत असते. ऐकणाऱ्यांनाही माहीत असावी.

चौथं, आयात. कापसावर ११ टक्के आयात शुल्क होतं. ते केंद्रानं १९ ऑगस्ट २०२५ पासून त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत माफ केलं, म्हणजे ऐन आपला माल बाजारात यायच्या वेळी. हा विषय सर्वस्वी केंद्राचा. राज्यातला पुढारी त्यावर "आम्ही करू" म्हणत असेल तर तो फार तर पत्र पाठवू शकतो. याउलट बाजार समिती, सिंचन, शेतीचा वीजपुरवठा ही राज्याची कामं. तिथं "दिल्लीला सांगू" असं कोणी म्हटलं तर जबाबदारी ढकलतोय असं समजावं.

कर्जमाफीबद्दल थोडक्यात. घोषणेत रक्कम असते आणि फटका अटीत बसतो. २००८ च्या केंद्राच्या माफीत पूर्ण लाभ दोन हेक्टरपर्यंतच्यांना होता. आपल्याकडे कोरडवाहू सहा-सात एकरवाला काही श्रीमंत नसतो, पण तो त्या रेषेबाहेर राहिला. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत दोन लाखांची मर्यादा होती आणि ३० सप्टेंबर २०१९ ची थकबाकी धरली. नियमित फेडणाऱ्यांना पन्नास हजारांचं प्रोत्साहन जाहीर झालं, ते हातात पडायला २०२२ उजाडलं. म्हणून 'माफी' ऐकलं की तीन गोष्टी टिपायच्या: जमिनीची मर्यादा, थकबाकीची तारीख, फेडणाऱ्याचं काय.

धरणाची भाषणं ऐकताना गोसीखुर्द आठवावं. वैनगंगेवरच्या या धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढं तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, खर्च हजारो कोटींत गेला. भिंत उभी राहते आणि फोटोत येते. अडतं ते कालव्यांच्या भूसंपादनात, पुनर्वसनात, शेवटच्या चाऱ्यांत. धरणाच्या भाषणात 'पाटचारी', म्हणजे वावरापर्यंत पाणी नेणारी छोटी चारी, हा शब्द आला तर जरा सरसावून बसा.

वही कशी ठेवायची? पानावर उभी रेघ मारा. डावीकडे वाक्य, जसं बोलला तसं. उजवीकडे चार खाने: कोण करणार, किती, कधीपर्यंत, पैसा कुठून. दीड तासाच्या भाषणात चारही खाने भरलेली दोन वाक्यं निघाली तरी ते चांगलं भाषण म्हणायचं. एकच खाना भरला असेल तर त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून ठेवा. मांडवातली गर्दी आणि टाळ्या वहीत घेऊ नका. खुर्च्या मोजायला वार्ताहर आहेत.

अधिवेशन उठल्यावर आठवडाभरात पक्षाच्या तालुका कार्यालयातून ठरावाची छापील प्रत मागा आणि वहीशी ताडून पाहा. भाषणात "देऊ" असतं, ठरावात कधीकधी "शासनाकडे आग्रह धरण्यात येईल" एवढंच उरतं. पक्ष सत्तेत असेल तर त्या कामाचा शासन निर्णय निघाला का हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज पक्षाकडे करू नका, खात्याकडे करा. केंद्रीय माहिती आयोगानं २०१३ मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना हा कायदा लागू असल्याचा आदेश दिला होता, पण पक्षांनी तो जुमानला नाही. सगळ्या पक्षांचं एकमत झालेला हा एक दुर्मीळ विषय.

आणि गावाचा ठरावही असतोच. ग्रामसभेला गणपूर्ती लागते मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जे कमी असेल ते. खरेदी केंद्र तालुक्याला कोणत्या तारखेला सुरू व्हावं, असा एका ओळीचा ठराव २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सूचक-अनुमोदकाच्या नावासह मंजूर करून घ्या. सचिवाकडून शिक्क्याची नक्कल घ्या आणि पुढच्या वेळी मांडवातून बोलून गेलेला पुढारी गावात आला की ती त्याच्या हातात देऊन पोच घ्या. पोचेवर तारीख घालायला विसरू नका.

नमस्कार.